खाली बसवलेली पद्मिनी खड्ड्यात आपटते? आधी बॉडी, मग रबर, मग स्प्रिंग

गाडी खाली केली की दिसते भारी, याच्यात काही वादच नाही भो. प्रीमियर पद्मिनीचा तो चौकोनी तोंडवळा, चाकं फेंडरच्या आत जरा शिरलेली, नजर हटत नाही. पण तीच गाडी घेऊन जळगावहून पाचोऱ्याला निघा नाहीतर धुळ्याहून साक्रीकडे, आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते नी उन्हाळ्यात आकसते त्यामुळे डांबराला लाटा आलेल्या राहतात, त्या लाटांवर पुढचं चाक थाडकन आपटतं, स्टिअरिंगला झटका येतो, डॅशबोर्ड खडखडतो, दारं कुरकुरतात. मग कोणीतरी सांगतं शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) गेले, नवे टाका. नवे टाकले तरी आपटतेच.

कारण शॉकअप हा बहुतेक वेळा मूळ प्रॉब्लेम नसतोच. खाली केलेल्या जुन्या गाडीत दोन वेगळ्या गोष्टी बिघडलेल्या राहतात. एक, चाकाला वर जायला जागाच उरत नाही. दोन, बॉडी स्वतः पिळते, म्हणजे स्प्रिंग नी शॉकअप कितीही चांगले लावा, ते ज्याच्यावर बसवलेत तेच हलतंय. आणि गाडीची बॉडी ही अशी स्प्रिंग आहे जिला शॉकअप नाही, ती थरथरत राहते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: बॉडी, मग बुश (सांध्यांतली रबरं), मग स्प्रिंग आणि बंपस्टॉप (चाक फार वर गेलं की अडवणारा रबराचा गोळा), मग शॉकअप, शेवटी टायर नी अलाइनमेंट. उलट्या क्रमाने केलं तर पैसे दोनदा जातात.

मी इथे पद्मिनी धरून लिहितोय, पण विचार अ‍ॅम्बेसिडरला नी इतर जुन्या गाड्यांनाही लागू आहे. फरक एवढाच की अ‍ॅम्बेसिडरला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, तिथे कापाकापी न करता बार फिरवून उंची बदलता येते आणि बारचा कडकपणा तोच राहतो.

आधी हिशोब समजून घ्या

समजा मूळ उंचीवर चाकाला वर जायला ९० एमएम जागा होती. तुम्ही गाडी ४० एमएम खाली केली, उरले ५०. आता तोच खड्डा, तोच स्पीड, आणि चाक बंपस्टॉपला न आपटता तो धक्का स्प्रिंगनेच खायचा असेल तर स्प्रिंग किती कडक लागेल? स्प्रिंग जेवढी दबते त्याच्या वर्गाच्या हिशोबाने ती धक्का पोटात घेते, म्हणजे ९० भागिले ५०, म्हणजे १.८, त्याचा वर्ग ३.२४. सव्वातीन पट कडक स्प्रिंग. अशी गाडी कोणी चालवूच शकत नाही. म्हणजे नुसती स्प्रिंग कडक करून हा प्रश्न सुटणार नाही, तुम्हाला गेलेली जागा थोडी तरी परत मिळवावी लागेल आणि खाली किती करायचं याला मर्यादा घालावी लागेल. माझं मत विचाराल तर फॅमिली वापरायची पद्मिनी २५ ते ३५ एमएमच्या पुढे खाली नेऊ नये. फोटोत जरा उंच वाटेल, चालेल.

गावच्या स्पीडब्रेकरचाही हिशोब करा. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापाचा गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद नी १० सेंटीमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० एमएम, म्हणजे अशा ब्रेकरवर मधला भाग टेकायला फक्त ४ सेंटीमीटरच्या आसपास फुगवटा आड येतो, खाली केलेली गाडीही आरामात निघते. अडचण गावात शिरताना लोकांनीच केलेल्या त्या अरुंद उंच बांधाची आहे, तो १५ सेंटीमीटर असला तर पूर्ण १५ सेंटीमीटर खाली मोकळे पाहिजेत. तेव्हा सायलेन्सर, ऑइल पॅन, हँडब्रेकची केबल, यातलं सगळ्यात खाली काय आहे ते शोधा आणि शक्य असेल तर सायलेन्सरचा पाइप वर घ्या. बऱ्याचदा गाडी घासत नाही, एक पाइप घासत असतो.

मोजल्याशिवाय हात लावू नका

पहिली मापं उंचीची. जमिनीपासून नको, टायरची हवा कमीजास्त असली की माप चुकतं. चाकाच्या सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा, चारी चाकं, आणि वहीत लिहा. पेट्रोल अर्धं, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला.

दुसरं वजन. आपल्याकडे जिनिंगजवळ, मार्केट यार्डाजवळ भुईकाटे मोक्कार आहेत, तिथे पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशी तीन वजनं घ्या. काटा ५-१० किलोच्या पटीत दाखवतो, आपल्या कामाला तेवढं पुरतं.

तिसरं माप कोणी घेत नाही आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्या बरोबर मागच्या अ‍ॅक्सलवर येतील अशा ठेवा, गाडी हलवून शांत होऊ द्या, आणि मागची बाजू किती बसली ते मोजा. समजा १०० किलोला ३० एमएम बसली. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून एका एमएमला ३.३३ किलो. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या वरचं वजन ४०० किलो असेल तर ४०० भागिले ३.३३, म्हणजे १२० एमएम. आता १५.८ ला या १२० च्या वर्गमुळाने भागा, १.४४ येतं. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो हा आकडा. आरामदायक गाडीत तो १ ते १.३ च्या दरम्यान राहतो, खाली केलेल्या गाडीत १.४ ते १.६ पर्यंत सहन होतो, त्याच्या वर गेलं की पोटातलं पाणी हलायला लागतं. पुढच्या बाजूलाही असंच करा, गोण्या बॉनेटवर न ठेवता पुढच्या अ‍ॅक्सलच्या रेषेत वजन येईल असं काहीतरी जमवा, पत्रा दाबू नका. मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त आला पाहिजे, दहा-वीस टक्के, मग ब्रेकरवर पुढचं टोक नी मागचं टोक एकदम शांत होतं, गाडी झुलत बसत नाही.

बॉडी: इथे जास्त वेळ द्या

इटलीत फियाटने १९५३ ला ११००/१०३ आणली ती वेगळा चॅसिस नसलेली होती, पत्र्याचीच पेटी, तिलाच सगळं जोडलेलं. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने तीच परंपरा चालवली, पद्मिनी नाव १९७४ चं. म्हणजे हिच्यात 'चॅसिस' असं वेगळं काही नाही, दाराखालचे सिल, मधला टनेल, फ्लोअर, फायरवॉल आणि छत हे सगळं मिळून चॅसिस. त्यातला सिल सडला की चॅसिसच सडला समजा. आणि हिची पुढची काच रबरात बसवलेली आहे, आजच्या गाड्यांसारखी चिकटवलेली नाही, त्यामुळे काचेचा ताकदीला फारसा आधार नाही.

खान्देशची हवा कोरडी, इथेच वाढलेल्या गाडीचा पत्रा बऱ्यापैकी टिकतो, मरतं ते रबर. पण मुंबईहून आणलेली गाडी असेल, खास करून जी टॅक्सीत फिरलेली आहे, तिचा वरचा रंग कितीही चकचकीत असो, आतून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. कार्पेट पूर्ण काढा. लहान चुंबक कपड्यात गुंडाळून सिलवर, चाकाच्या कमानीवर, जॅक पॉइंटवर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन सिल नी फ्लोअर जिथे जुळतात तिथे, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटच्या आजूबाजूला, आणि पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या लोखंडी तुळईच्या) बोल्टांजवळ टोचत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो, सडलेला आत जातो.

पिळ तपासायची सोपी रीत अशी. गाडी सपाट फरशीवर, चारी दारं नीट बंद होतायत का बघा. मग एका पुढच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, लोखंडी पट्टी किंवा दोन सरकत्या काड्या वापरा, टेप लवचिक राहतो. आता मागच्या एका कोपऱ्याला जॅक लावून ते चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि तेच कर्ण परत मोजा, दाराच्या फटीत ड्रिलचे बिट घालून फटही बघा. एखाद-दीड एमएमचा फरक जुन्या गाडीत येणारच, पण तीन-चार एमएम फरक पडत असेल किंवा दार उघडायलाच अडत असेल तर स्प्रिंगचा विषय बंद करा, आधी डेंटर गाठा. अ पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, पायथ्याशी रंगाला बारीक तडे, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी येणं, हीसुद्धा त्याचीच लक्षणं.

वेल्डिंगच्या आधी एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलं. आणि १९७४-७५ च्या गाड्या आता ५० वर्षं ओलांडतायत, त्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ स्वरूपात लागते, चॅसिस-बॉडीत मोठा बदल चालत नाही. म्हणून ज्याला व्हिंटेज नंबर घ्यायचाय त्याने फक्त दुरुस्ती करावी, सडलेला पत्रा काढून तसाच नवा. ज्याला रोज चालवायचीय त्याने आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे आधी विचारून काम काढावं, आणि कामाचे फोटो ठेवावेत.

सिल बदलताना नियम एकच: दोन्ही बाजू एकदम कधीच कापायच्या नाहीत. एक बाजू घ्या, दाराच्या चौकटीत २५ एमएम चौकोनी पाइपची फुली टाका नी टाके मारून घ्या, दार बंद करून फटी बरोबर आहेत का बघा, मगच ग्राइंडर लावा. गाडीचं वजन सस्पेन्शनवर असू द्या, म्हणजे घोड्या (टेकू द्यायचे स्टँड) अ‍ॅक्सलखाली नी लोअर आर्मखाली. मधोमध घोडी लावून सिल कापला की गाडी दोन्ही टोकांनी वाकते, नवा सिल त्याच वाकड्यावर वेल्ड होतो, आणि मग ते दार आयुष्यभर बसत नाही. चारी कोपऱ्यांची लेव्हल बघायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, एमएमपर्यंत फरक दाखवते.

पत्रा १.२ एमएम, म्हणजे १८ गेज सीआर (कोल्ड रोल्ड). वेल्डिंग सीओटू मशीननेच. गॅस वेल्डिंगने पत्रा सगळा तापून लहरी येतात आणि रॉडच्या वेल्डिंगने भोकं पडतात, तुमचा वेल्डर कितीही म्हणो की मी करतो बरोबर. दोन-अडीच सेंटीमीटरचे टाके, एक इकडे एक तिकडे, सलग ओढायचं नाही. बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब ठेवा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत हे काम दुपारी करू नका, टाकीतली वाफ नी ठिणगी हा खेळ नाही. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथे आधी झिंकचा प्रायमर.

आता वरचा मजबूतपणा. रावेर-सावद्याकडे केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके असतात ना, झाकण नसलेला खोका दोन टोकांना धरून पिळा, सहज पिळतो, झाकण लावून चारी बाजूंनी टेप मारा नी परत पिळा, हलत नाही. बॉडीत हेच करायचंय, उघडे भाग बंद करायचे. पद्मिनीत असा सगळ्यात मोठा उघडा भाग मागच्या सीटच्या पाठीमागे सापडतो. तिथे १.२ एमएमचा पत्रा, कडांना वाकवून, किंवा २५ एमएम पाइपची फुली, चारी कोपऱ्यांत पसरट पट्ट्या देऊन बसवली की फरक पहिल्याच ब्रेकरवर कळतो. हे बोल्टनेही करता येतं, म्हणजे उद्या मूळ करायची तर काढून घ्या.

दुसरी जागा फ्लोअर. पुढचे रेल फ्लोअरखाली येऊन संपतात आणि मागचे सीटखालून सुरू होतात, मधे नुसता पत्रा. त्यांना ५० बाय २५ बाय २ एमएमच्या पाइपने जोडलं तर बॉडी खूप कमी पिळते, मीटरला सव्वादोन किलोच वजन, दोन्ही बाजू धरून पाच-सहा किलो. पण गाडी खाली केलेली आहे, हा पाइप फ्लोअरच्या खाली लोंबला तर पहिल्याच बांधावर घासेल. म्हणून तो गाडीच्या आतून, सीटच्या माउंटिंगच्या रेषेत घ्या, आडवा म्हणजे २५ ची बाजू उभी, आणि फ्लोअरला पूर्ण लांबी टाके. पाइपची टोकं एकदम संपवू नका, तिरपी करा आणि खाली गोल कोपऱ्यांची २ एमएम प्लेट द्या. जाड लोखंड पातळ पत्र्यावर जिथे अचानक संपतं बरोबर तिथेच तडा जातो, मजबूत केलेल्या गाड्या तुटतात त्या याच जागेवर.

तिसरं, सस्पेन्शनच्या ब्रॅकेटांभोवतीचे जुने स्पॉट वेल्ड. २५ एमएम टाका, ५० एमएम जागा सोडा, परत टाका. पूर्ण बॉडी अशी शिवायची गरज नाही, फक्त जिथे जोर येतो तिथे. इंजिनवरून जाणारा तो चकचकीत स्ट्रट बार पद्मिनीत फार उपयोगाचा नाही, कारण हिच्या पुढच्या डबल विशबोनचा जोर क्रॉसमेंबरमध्ये खाली जातो, वरच्या टॉवरमध्ये नाही. त्या पैशात क्रॉसमेंबरचे बोल्ट नवे हाय टेन्साइल घ्या नी टॉर्क रेंचने कसा. आणि आत रोल केज तर नकोच, रोजच्या वापरात हेल्मेट नसतं, डोकं पाइपवर आपटतं.

सगळं झालं की आत मेणाचा कोटिंग स्प्रे नळीने मारा, आणि सिलची खालची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. रंगवाला ती भोकं हमखास बुजवतो.

रबर

४५ डिग्रीत उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर दगड होतं. लोअर आर्म, अप्पर आर्म, पाट्याचा पुढचा डोळा, शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी), शॉकअपची दोन्ही टोकं, अँटीरोल बार, सगळे बुश एकदम बदला. किंगपिन (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ती पिन) नी लिंक हलत असतील तर तेही आत्ताच, नंतर अलाइनमेंट टिकणार नाही. पॉलियुरेथेन मला फक्त पाट्याच्या पुढच्या डोळ्यात आणि अँटीरोल बारला आवडतं, बाकी ठिकाणी साधं चांगलं रबर, कारण खान्देशची धूळ पॉलीत शिरली की किंचाळतं.

आणि ही गोष्ट नव्वद टक्के गॅरेजमध्ये चुकते: बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फायनल कसायचे नाहीत. रबर त्या लटकलेल्या पोझिशनला पकडलं जातं, मग गाडी खाली ठेवली की रबर कायम पिळलेलं, ते स्वतःच स्प्रिंगसारखं अडवतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर ठेवा, दोनचार वेळा दाबून हलवा, मग त्या उंचीवर कसा. ज्यांनी गाडी आधीच खाली केलीय पण बुश सोडवून परत कसलेच नाहीत, त्यांनी फक्त एवढं केलं तरी गाडी बऱ्यापैकी मऊ होते. फुकटचं काम आहे.

पुढची कॉइल

कापलेली स्प्रिंग. हा विषय निघतोच. थंड ग्राइंडरने कापली तर स्प्रिंग कमकुवत होत नाही, उलट कडक होते, कारण कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. सात चालू वेटोळ्यांतलं एक काढलं तर सुमारे १७ टक्के कडक. पण गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग ही कचऱ्यात टाकायची वस्तू आहे, तिचं पाणी उतरलेलं असतं, ती बसतच जाते आणि कधीतरी तुटते.

बनवून घेणं सगळ्यात चांगलं. स्प्रिंगवाल्याला तारेची जाडी, मधल्या रेषेचा व्यास, चालू वेटोळी, मोकळी लांबी आणि टोकं कशी घासलेली, एवढं द्या. उदाहरण घ्या, १३ एमएम तार, १०० एमएम मधला व्यास, ७ वेटोळी: साधारण ४० न्यूटन प्रति एमएम, म्हणजे ४ किलोच्या आसपास. तारच १४ केली तर थेट ३४ टक्के वाढ, जाडीचा चौथा घात लागतो म्हणून, एक एमएम म्हणजे काय असं वाटतं पण खूप आहे. शिवाय स्प्रिंग चाकापासून आत असते, आर्मच्या मध्ये, त्यामुळे चाकाला मिळणारा कडकपणा बराच कमी. चाक १० एमएम वर गेलं तर स्प्रिंग ६ एमएम दबते असं समजा, तर ०.६ चा वर्ग ०.३६, म्हणजे ४ किलोची स्प्रिंग चाकाला दीड किलोचीच. हे गुणोत्तर तुमच्या गाडीत मोजा, अंदाजाने नको. ३० एमएम खाली जायचं तर कडकपणा मूळपेक्षा २० ते ३० टक्केच वाढवा आणि बाकी उंची मोकळ्या लांबीतून कमी करा, पण जॅकवर चाक लटकलं तरी स्प्रिंग जागेवर घट्ट राहिली पाहिजे, सुटून हलता कामा नये.

स्प्रिंग काढताना दाबायचा क्लॅम्प वापरा, आर्मखाली जॅक ठेवा आणि स्प्रिंगच्या समोर कोणी बसू नका. ती सुटली तर हाड मोडते.

मागचे पाटे

इथे आपल्याकडे एक सवय आहे, पाटा काढून टाका म्हणजे गाडी बसेल. बसते. पण मऊ पण होते, ब्रेक मारला की अ‍ॅक्सल पिळतो, चार माणसं बसली की बंपस्टॉपवर. पाटे तेवढेच ठेवा नी कमान कमी करून घ्या. हायवेला ट्रकची कमान करणारे बसतात, त्यातला जो थंड ठोकून सेट करतो नी दोन्ही बाजूंची कमान मोजून सारखी देतो त्याच्याकडेच जा.

पाटे सुटलेच आहेत तर खरा फायदा पुढे आहे. जुन्या पाट्यांमध्ये गंज बसतो, ते एकमेकांवर सरकतच नाहीत, मग बारीक खड्ड्याला पूर्ण पाटा एकच जाड पट्टी होऊन धक्का देतो. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक आहे, प्रत्यक्षात घर्षण आहे. वायर ब्रशने सगळे पाटे साफ करा, कडा हलक्या गोल घासा, ग्रॅफाइटचा कोरडा थर द्या आणि टोकांच्या खाली टणक प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या. ओलं ग्रीस भरू नका, आपली धूळ त्यात मिसळली की पाटे घासणारी पेस्ट तयार होते.

लोअरिंग ब्लॉकने पण खाली करता येतं, पण फक्त पाटा अ‍ॅक्सलच्या खालून गेलेला असेल तेव्हाच, वरून असेल तर ब्लॉक गाडी उलट उंच करतो. शॅकलचा कोन बघा, गाडी भरली की पाटा सरळ होऊन लांबतो, शॅकलला मागे जायला जागा पाहिजे. सपाट पाटा नी शॅकल बॉडीला टेकलेला अशी गाडी कितीही भारी शॉकअप लावा, आपटणार.

बंपस्टॉप आणि शॉकअप

खाली केलेल्या गाडीत बंपस्टॉप ही दुसरी स्प्रिंग आहे, त्याला तसाच मान द्या. जुना टणक रबराचा गोळा काढून फेसासारख्या पॉलियुरेथेनचा घ्या, तो हळूहळू कडक होत जातो आणि बराच दबतो, त्यामुळे आपटल्यासारखं वाटत नाही. आर्म पूर्ण वर नेऊन कुठे काय टेकतं ते स्प्रिंग काढलेली असतानाच बघा, आणि जमत असेल तर स्टॉपची बैठक १०-१५ एमएम वर घ्या, जी जागा खाली केल्यामुळे गेली ती इथून परत मिळते. पण आधी टायर फेंडरला लागत नाही ना, अ‍ॅक्सल फ्लोअरला टेकत नाही ना, ते बघून.

शॉकअप घेताना गाडीचं नाव सांगून घेऊ नका, मापं सांगून घ्या. चाक पूर्ण वर असताना दोन्ही डोळ्यांतलं अंतर मोजा, शॉकअपची बंद लांबी त्याच्यापेक्षा निदान १० एमएम कमी पाहिजे, नाहीतर बंपस्टॉपच्या आधी शॉकअपच आतून आपटतो, आणि तोच तो धातूचा आवाज. स्प्रिंग थोडी कडक केली तर उघडतानाचा अडथळा थोडा वाढवा, दबतानाचा नको. आणि रॉडला एक प्लास्टिकची झिप टाय लावा, गाडी फिरवून आणली की ती जिथे सरकलीय तेवढा ट्रॅव्हल वापरला गेला. दहा रुपयात याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

टायर आणि अलाइनमेंट

मोठे अलॉय नी पातळ टायर, हा मोह टाळा. १५५/८० टायरची भिंत १२४ एमएम, १९५/५० ची साडेसत्त्याण्णव. तेवढी हवेची गादी गेली, वर अलॉयचं वजन वाढलं. १४ इंचाचीच चाकं ठेवा. हवा पहाटे गार टायरमध्ये बघा, तापमान साडेपाच डिग्री वाढलं की प्रेशर साधारण १ पीएसआय वाढतं, दुपारी पंपावर बघून कमी केली तर सकाळी टायर बसलेला.

खाली केल्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकतो, अर्धा ते एक डिग्री निगेटिव्ह चांगला, त्याच्या पुढे टायर आतून खाल्ला जातो. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची कड आत वळलेली, १-२ एमएम. आणि स्टिअरिंगचे रॉड वेगळ्या कोनात गेल्यामुळे खड्ड्यात चाक स्वतःच वळतं, ते तपासायला स्प्रिंग काढून चाक १०-१० एमएमने वर न्या नी प्रत्येक वेळी टो मोजा. खूप बदलत असेल तर आयडलर (स्टिअरिंगचा दुसऱ्या बाजूचा आधार) नी स्टिअरिंग बॉक्सखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याची पट्टी, घालून परत मोजा. स्टिअरिंगच्या कुठल्याही पार्टला वेल्डिंग किंवा तापवून वाकवणं करायचं नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी नाही.

चाचणी

एकच रस्ता ठरवा, खराब पण ओळखीचा, तोच स्पीड, तेवढीच माणसं, आणि एका वेळी एकच बदल. चाळीसगावहून कन्नडचा घाट वळणांसाठी चांगला, तिथे बॉडी पिळते की नाही ते दाराच्या आवाजावरून कळतं, पहाटे जा. गाडी भरून एक चक्कर, रिकामी एक. झिप टाय शेवटपर्यंत गेली असेल तर स्प्रिंगला हात लावायच्या आधी ५-१० एमएम उंच करून बघा.

पाचशे किलोमीटर झाले की यू बोल्ट, क्रॉसमेंबरचे बोल्ट, आर्मचे बोल्ट परत टॉर्कला कसा, नवे पाटे नी नवी स्प्रिंग थोडी बसतेच, तेव्हा उंची वहीतल्या मापांशी जुळवा नी अलाइनमेंट पुन्हा एकदा. पहिला पावसाळा गेला की कार्पेट उचलून नव्या वेल्डिंगच्या टोकांना टॉर्च मारून बघा, केसाएवढा तडा दिसला तरी टोकाला २-३ एमएमचं भोक मारा, तडा घासून काढा, मग वेल्ड करा.